चळतीच्या तळाची राणी

माझ्या कीबोर्डवर पहिल्यांदा कॅरमची सोंगटी दिसली तेव्हा मला वाटलं, कोणाची तरी विसरून राहिली असेल. काळी सोंगटी, कडेला बोरिक पावडरचा पांढरा अंश. मी ती उचलून बाजूला ठेवली आणि कामाला लागलो. पलीकडच्या टेबलावरून आवाज आला, "बाजूला नका ठेवू. तुमचीच आहे ती."

आवाज आमच्या लेखन विभागातल्या सहकारी बाईंचा. त्या शिवडीच्या कोळीवाड्यातून येत आणि त्यांच्या तोंडी कोणी फारसं लागत नसे. मी विचारलं, "माझी म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यामुळे पुस्तक अडलंय. कुठे ते मास्तर सांगणार नाहीत. वाचा, शोधा, दुरुस्त करा आणि मग सोंगटी नेऊन द्या त्यांना. आम्ही सगळे यातून गेलोय."

मी त्या ऑफिसात नवीन होतो. वय मात्र नवीन नव्हतं. आधीच्या कंपनीने हिशेबाचं खातं दुसऱ्या शहरात हलवलं, माझं घर परळला, बायकोची नोकरी दादरला, मुलं शाळेत. म्हणून मी इथे आलो. ऑफिस करी रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. काम असं की, लिफ्ट, पंप, जनरेटर बनवतात दुसरे कारखाने. ते कसे वापरायचे याची पुस्तकं बनवतो आम्ही. पुस्तकातला प्रत्येक आकडा कारखान्याच्या नकाशाशी ताडून पाहायचा, एवढंच माझं काम. त्यामुळे सोंगटी ठेवणाऱ्या या मास्तरांनी माझं नाव पहिल्याच आठवड्यात 'आकडेवाले' ठेवलं. वर सगळ्यांना सांगितलं, "मटक्याचे नव्हेत. हे घरंदाज आकडेवाले."

पुस्तक अडतं म्हणजे काय, हे मला तोवर नीट कळलेलं नव्हतं. आमच्याकडे लिहिलेला प्रत्येक तुकडा संगणकासाठी टॅगमध्ये गुंडाळावा लागतो. सूचना इथे सुरू झाली, इथे संपली. तक्ता इथे सुरू झाला, इथे संपला. या पद्धतीला एक्सएमएल म्हणतात. डब्यात डबा, त्यात आणखी डबा ठेवावा तसे हे टॅग एकात एक बसतात आणि आतला बंद केल्याशिवाय बाहेरचा बंद करता येत नाही. दुपारी चार वाजता सगळ्यांचे तुकडे एकत्र करून संगणक पुस्तक तयार करतो. त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. शेकडो पानांत एकाने एक टॅग उघडा ठेवला, तरी बिल्ड फुटतं. पान निघत नाही. पडद्यावर लाल रेघ येते आणि अमुक ओळीत चूक आहे, असं खाली लिहून येतं.

ते फुटलेलं बिल्ड सांधणं हे मास्तरांचं काम. ते पूर्वी गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. छापखाना बंद झाल्यावर इथे आले, इथूनच निवृत्त झाले आणि मग वर्षावर्षाच्या करारावर इथेच राहिले. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. मी विचारलं, "मग मास्तर कसे झालात?"

"नायगावला आमच्या चाळीत कोणाला तरी मास्तर म्हणावंच लागतं," ते म्हणाले. "माझ्या आधीचे वारले."

त्यांच्या टेबलावर पेढ्यांचा एक रिकामा स्टीलचा डबा असे. त्यात कॅरमच्या सोंगट्या. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. बिल्ड फुटलं की मास्तर आधी टेबल पुसत, मग डबा उघडत. सगळ्यांत आधी लाल राणी टेबलावर ठेवत. ती म्हणजे अख्खं पुस्तक. मग पडद्यावरचा मजकूर पहिल्या ओळीपासून वाचत जायचा. टॅग उघडला की राणीवर एक सोंगटी चढवायची. बंद झाला की वरची उचलायची. मोठ्या टॅगला काळी, बारीकसारीकाला पांढरी. चळत वर चढे, खाली येई, पुन्हा चढे. सगळं बरोबर असेल तर शेवटच्या ओळीला टेबलावर फक्त राणी उरली पाहिजे आणि ती उचलली की पुस्तक मिटलं. मध्येच पांढरी उचलायची वेळ आली आणि वर काळी बसलेली असली, की ते थांबत. "हां," एवढंच म्हणत. आणि चळतीतली ती वरची सोंगटी ज्याच्या मजकुरातली, त्याच्या कीबोर्डवर जाऊन पडे.

मला हे पाहताना मोठी गंमत वाटे आणि थोडा वैतागही येई. मी एकदा म्हटलं, "मास्तर, कुठला टॅग उघडा राहिला ते दाखवणारी सोय संगणकात आहे. आयटीवाल्यांनीच सांगितलं मला."

"आहे की. मी वापरतोसुद्धा."

"मग या सोंगट्या कशाला?"

"त्याने शोधलं तर ते त्याला कळतं. मला कुठे कळतं?"

लाल रेघ जिथे येई ती ओळ ते कधीच आधी पाहत नसत. नवीन माणूस नेमका तीच ओळ दहा वेळा वाचतो आणि तिथे काही सापडत नाही म्हणून चिडतो. मीही तेच करत बसलो होतो. माझ्या हातात ती पहिली काळी सोंगटी, समोर संगणकाने दाखवलेली ओळ, आणि ओळ तर अगदी ठीक. शेवटी मास्तर मागे येऊन उभे राहिले.

"चाळीत राहिलायत कधी?"

"लहानपण लालबागला चाळीतच गेलं."

"मग? पाणी दुसऱ्या माळ्यावर टपकतं तेव्हा भांडायला कुठे जायचात?"

"तिसऱ्या माळ्यावर."

"जा की मग," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी वर वाचत गेलो. तीन पानं वर एका तक्त्याची शेवटची ओळ मी दुरुस्त करताना तक्त्याचाच बंद होणारा टॅग पुसला गेला होता. संगणकाला ते कळलं होतं थेट धडा संपायला आला तेव्हा. ती तीन पानं वाचताना मला आणखी दोन आकडे चुकलेले सापडले. ते टॅगच्या चुकीचे नव्हते, नुसते चुकीचे होते. सोंगटी परत करताना मी तसं सांगितलं. मास्तरांनी ती डब्यात टाकली आणि झाकण लावलं. शाबासकी वगैरे काही नाही.

चूक कोणाची, हे ते कधीही मोठ्याने सांगत नसत. ऑफिसच्या ग्रुपवर लिहीत नसत. सगळे चहाला गेले की गुपचूप सोंगटी ठेवून येत. असं का, याची मला फार उत्सुकता होती. मला त्यांनी सांगितलं की छापखान्यात फोरमन चुकणाऱ्याचं नाव ओरडायचा आणि एक जुना कंपोझिटर त्यापायी नोकरी सोडून गेला. कोळीवाड्याच्या बाईंना सांगितलं होतं की नाव घेतलं की माणूस नावाचाच विचार करत बसतो. साहेबांना सांगितलं होतं, "सोंगट्यांना थोडं फिरवावं लागतं, नाहीतर बुरशी धरते." आम्ही तिघांनी एकदा बसून ही उत्तरं जुळवून पाहिली, पण त्यातलं खरं कोणतं ते ठरलं नाही.

एवढ्या सोंगट्या हाताळणारा माणूस कॅरममध्ये उस्ताद असणार, अशी सगळ्यांची समजूत होती. एका शनिवारी बाईंनी घरून बोर्ड आणला. जेवणाच्या सुट्टीत मास्तरांना बसवलं. त्यांचा स्ट्रायकर दोनदा सरळ भोकात गेला आणि तिसऱ्यांदा बोर्डाबाहेर. बाईंनी सलग दोन गेम जिंकले.

"मास्तर, अहो चाळीची इज्जत घालवलीत!"

"गो बाय, मी कधी म्हटलं मला खेळता येतं? मला त्या एकावर एक ठेवता येतात."

साहेबांची आणि त्यांची जोडी मजेशीर होती. साहेब म्हणजे आमचे विभागप्रमुख. वयाने माझ्यापेक्षा लहान, माणूस चांगला, पण सतत घाईत. त्यांच्या खोलीचं दार काचेचं होतं आणि आत ते कायम कानाला फोन लावून उभे दिसत. बाहेरचे पाहुणे आले की ते मास्तरांच्या टेबलावर फाइल ठेवून सोंगट्या झाकत. "क्लायंटला वाटेल इथे कॅरम क्लब आहे." पाहुणे गेले की मास्तर फाइल उचलत आणि चळत होती तिथून पुढे चालू करत. साहेबांना ते कधी काही बोलले नाहीत. साहेबांच्या कीबोर्डवर सोंगटीही कधी गेली नव्हती, कारण साहेब स्वतः काही लिहीत नसत.

त्या वर्षी मास्तरांच्या कराराची मुदत संपत आली तेव्हा हेड ऑफिसने पहिल्यांदाच कारण विचारलं. या जागेची गरज आहे का? संगणक हे काम करू शकत नाही का? साहेबांनी शिफारस लिहायची होती. मास्तरांची चाळ तेव्हा पाडायला घेतली होती. नवीन टॉवर उभा राहीपर्यंत त्यांचं कुटुंब संक्रमण शिबिरातल्या खोलीत राहत होतं. मी एकदा त्यांना सरळ विचारलं, "पेन्शनचं काहीतरी असेल ना? मुलगा कमावतो. मग एवढी ओढ कशाला?"

"आकडेवाले, पैशाचं सोडा. खोली केवढी, माहीत आहे? मुलगा रात्रपाळी करून दुपारी झोपतो. सून बाळाला झोपवते. हिचे गुडघे दुखतात, ती आडवी असते. मी दुपारी कुठे बसू? जिन्यात बसलो तर लोक विचारतात, मास्तर, बरं नाही काय?" मग म्हणाले, "मला ही खुर्ची हवी आहे. टॉवरचा ताबा मिळेपर्यंत. मग त्यांनी खुशाल काढावं."

साहेब शिफारस करतील असं सगळ्यांना वाटत होतं. कागद त्यांच्या टेबलावर होता. सही व्हायची होती.

त्याच आठवड्यात लिफ्टचं पुस्तक जायचं होतं. मराठी आवृत्ती, सोसायट्यांच्या लिफ्टमन आणि वॉचमनसाठी. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली तर आतल्या माणसांना बाहेर कसं काढायचं, यावर त्यात एक धडा होता. संध्याकाळी सहाला पुस्तक कारखान्याला पाठवायचं आणि दुपारी बिल्ड फुटलं. नेमके मास्तर त्या वेळी शिबिराच्या कसल्याशा कामासाठी वॉर्ड ऑफिसात गेले होते. साहेबांनी बाह्या सरसावल्या. स्वतः पडदा उघडला, लाल रेघ पाहिली, कसली तरी एक कळ दाबली आणि बिल्ड पास झालं. बाहेर येऊन म्हणाले, "बघा! एक मिनिट लागलं. उगाच बाऊ करतो आपण." आणि फोन घेऊन आत गेले.

मी माझ्या सवयीने आकडे पाहायला बसलो. वाक्य होतं ते असं की केबिन आणि मजला यांच्यातलं अंतर तीनशे मिलिमीटरपेक्षा कमी असेल तरच दार उघडावं. त्याहून जास्त असेल तर माणूस बाहेर उतरताना खालच्या पोकळीत पडू शकतो. लिहिणाऱ्याने 'पेक्षा कमी' या शब्दांऐवजी शाळेतलं चिन्ह टाकलं होतं, डावीकडे चोच असलेलं. एक्सएमएलमध्ये प्रत्येक टॅग याच चिन्हाने सुरू होतो. त्यामुळे संगणकाला वाटलं नवीन टॅग आला आणि तो अडला. त्या चिन्हासाठी एक वेगळा संकेत लिहावा लागतो. साहेबांना तो माहीत नव्हता. त्यांनी चिन्ह उलटं केलं. उजवीकडे चोच असली की संगणक काही म्हणत नाही. पुस्तक छान तयार झालं होतं आणि त्यात छापलं होतं की अंतर तीनशेपेक्षा जास्त असेल तरच दार उघडा.

मी दोनदा नकाशा पाहिला. मग उठलो. तेवढ्यात मास्तर आले. मी त्यांना पडदा दाखवला आणि म्हणालो, "साहेबांना आत जाऊन सांगतो."

"थांबा."

"थांबा काय? सहाला पुस्तक जाईल."

"पावणेसहापर्यंत थांबा. नाही जमलं तर तुम्ही जा. मी अडवणार नाही."

त्यांनी पेढ्यांचा डबा उघडला आणि राणी काढली. राणी आजवर कोणाच्या कीबोर्डवर गेली नव्हती. साहेब फोनवर बोलत खिडकीकडे तोंड करून उभे होते. मास्तर दार लोटून आत गेले, कीबोर्डवर राणी ठेवली आणि बाहेर आले. राणी ठेवताना शिफारशीचा तो कागद टेबलावर त्यांच्या हाताशीच होता. त्यांनी तिकडे पाहिलं की नाही, मला काचेतून दिसलं नाही.

फोन संपल्यावर साहेबांनी राणी पाहिली. उचलली. काचेतून आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. आम्ही सगळे आपापल्या पडद्यांत. ते हसले, राणी खिशात टाकली आणि पुन्हा फोन लावला.

"बघा," मी मास्तरांना म्हणालो. "आता?"

मास्तर आपल्या खुर्चीत बसले. त्यांनी तो धडा उघडला आणि पहिल्याच ओळीत एक नवा टॅग उघडून ठेवला. बंद केला नाही. मी मागे उभा होतो. मला वाटलं माझ्या नजरेची चूक होते आहे. या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे उघडे टॅग मिटवले होते.

"मास्तर, प्रत्येक बदलापुढे नाव नोंदलं जातं."

"माहीत आहे. माझंच नाव आहे," म्हणत त्यांनी बिल्ड पुन्हा चालवलं.

बिल्ड फुटलं. लाल रेघ धड्याच्या अगदी शेवटी. साहेब धावत बाहेर आले. त्यांनी शेवटची ओळ वाचली, पुन्हा वाचली, कपाळाला हात लावला. "मास्तर! अहो बघा जरा, काय झालंय!"

"बघतो की साहेब. पण राणी नाही डब्यात. तिच्याशिवाय चळत लागत नाही."

"मास्तर, ही वेळ आहे का?"

"म्हणूनच म्हणतो, लवकर द्या."

साहेबांनी खिशातून राणी काढून टेबलावर आपटली. मास्तरांनी खुर्ची सरकवली. "बसा. तुम्ही वाचा, मी लावतो. माझा चष्मा वॉर्ड ऑफिसात राहिला." चष्मा त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. बाईंनाही तो दिसला, मलाही दिसला.

साहेब भराभर वाचू लागले. धडा सुरू, सोंगटी. सूचना सुरू, सोंगटी. सूचना बंद, उचलली. मास्तर मुद्दाम सावकाश ठेवत होते, त्यामुळे साहेबांनाही सावकाश वाचावं लागलं. "केबिन आणि मजला यांच्यातलं अंतर तीनशे मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तरच…"

साहेब थांबले. पुढचा शब्द त्यांनी वाचला नाही. मागे गेले, मनातल्या मनात पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळले. "आकडा काय आहे नकाशात?"

"आकडा बरोबर आहे साहेब," मी म्हणालो. "तीनशेच."

साहेबांनी चिन्ह खोडून 'पेक्षा कमी' हे शब्द अक्षरात लिहिले. मग म्हणाले, "पुढे वाचू," आणि धडा शेवटपर्यंत वाचला. शेवटी टेबलावर राणी आणि तिच्यावर एक जास्तीची काळी सोंगटी उरली.

"ही कोणाची?" साहेबांनी विचारलं.

"ती माझी," मास्तर म्हणाले. त्यांनी पहिल्या ओळीतला आपला टॅग पुसला आणि सोंगटी स्वतःच्या कीबोर्डवर ठेवली.

पुस्तक उशिरा गेलं. कारखान्याने विचारलं, हेड ऑफिसने विचारलं. साहेबांनी काहीही लपवलं नाही. उलटं चिन्ह आपण टाकलं, मास्तरांनी बिल्ड फोडलं ते त्यामुळेच, असं त्यांनी दोन्ही गोष्टी क्रमाने लिहून कळवलं आणि खाली मुदतवाढीची शिफारस जोडली. हेड ऑफिसने जिथे लाल रेघ होती तिथेच पाहिलं. जाणूनबुजून काम अडवणाऱ्याला मुदतवाढ देता येत नाही, असं उत्तर आलं. साहेब ते सांगायला स्वतः मास्तरांच्या टेबलाशी आले आणि उत्तराचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. मास्तर तो शेवटपर्यंत वाचून म्हणाले, "बसा ना साहेब."

शेवटच्या दिवशी मी त्यांना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो. त्या दिवसापासून जे विचारायचं होतं ते विचारलं. "साहेबांना सरळ सांगितलं असतं तर? ऐकलं असतं त्यांनी. तुमची खुर्चीही राहिली असती."

"ऐकलं असतं," मास्तर म्हणाले. "चिन्ह बदललं असतं आणि फोन लावला असता. वाचलं नसतं."

"एवढ्यासाठी?"

त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. आतल्या सोंगट्या खुळखुळल्या. "एवढंच तर काम होतं माझं, आकडेवाले."

मध्यंतरी त्यांना टॉवरमध्ये घर मिळालं, तेव्हा मी सपत्नीक जाऊन आलो. लिफ्टने वर गेलो. लिफ्टमध्ये सूचनांची पाटी होती, ती मी पूर्ण वाचली. बायको म्हणाली, मजला आला, चला. मास्तर घराबाहेरच्या रुंद पॅसेजमध्ये बसले होते. पुढ्यात कॅरम बोर्ड, समोर शेजारचे एक गृहस्थ. मास्तर हरत होते.

बोर्डाच्या मध्यभागी राणीच्या जागी एक पांढरी सोंगटी होती, सुनेच्या नेलपॉलिशने लाल रंगवलेली.

"राणी कुठे हो?" मी विचारलं. खरं तर मला माहीत होतं. ती साहेबांच्या टेबलावर असते. दुपारी चार वाजले की साहेब फोन बंद करून बाहेर येतात, राणी टेबलावर ठेवतात आणि ज्याच्या मजकुरापाशी बिल्ड अडलं असेल त्याला शेजारी बसवून वाचायला लावतात.

मास्तरांनी नेम धरला, स्ट्रायकर सोडला. तो थेट भोकात गेला. शेजारच्या गृहस्थांनी टाळी दिली.

"ती अजून नोकरीत आहे," मास्तर म्हणाले. "तिला मिळाली मुदतवाढ."